चासी नंबर तोच

जपान सरकारच्या लेखी गीता आगाशे ही एक बाई नव्हती, दोन बायका होत्या. त्यातली एक जपानात राहत होती, पण तिला गाडी चालवता येत नव्हती. दुसरीला झकास चालवता यायची, पण ती जपानात कधी आलेलीच नव्हती. आता बोला. दोघी एकाच तारखेला, एकाच गावात, सांगलीला जन्मलेल्या, आणि पोलीस स्टेशनच्या खिडकीसमोर एकाच चपलेत उभ्या. तरी खिडकीपलीकडचे माएदा-सान मान तुकवून तुकवून सांगत होते की माफ करा, पण या लायसनवरची व्यक्ती आपण नव्हे.

हे घडलं दोन हजार सहा सालच्या सप्टेंबरात, टोकियोच्या दक्षिणेला समुद्रात असलेल्या एका बेटावर. बेट एवढंसं, की नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल. वस्ती तीन हजार, बस दिवसातून चारदा, सिग्नल अख्ख्या बेटावर एक. तोही गाड्यांसाठी नव्हे. पोरं मोठी होऊन टोकियोला शिकायला गेली तर सिग्नल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असावं, म्हणून शाळेसमोर लावलेला. कागदोपत्री मात्र हे बेट टोकियोतच मोडायचं. त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजून चाळण झालेल्या इथल्या गाड्यांवर नंबरप्लेट शिनागावाची, म्हणजे भर टोकियोतल्या बड्या साहेबांच्या गाड्यांवर असते ती.

गीता तिथे आली ती नवऱ्यामुळे. दिगंबर आगाशे पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतर्फे जपानात आलेला. आधी दोन वर्षं उरायासुला फ्लॅट आणि तोयोसुला ऑफिस होतं. मग बेटाच्या नगरपालिकेचे आणि दवाखान्याचे सगळे कागद कंप्युटरवर चढवायचं काम कंपनीला मिळालं, आणि आगाशे-सान, फक्त दीड वर्ष, असं म्हणून त्याला इकडे धाडून दिलं. उरायासुत आजूबाजूला चार मराठी घरं होती, गणपतीला मोदक होते, भांडायला माणसं होती. इथे मराठी कळणारी माणसं तीन. गीता, दिगंबर आणि नऊ वर्षांची ज्ञानदा, आणि ती बया मराठीतल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देणार.

दिगंबर आठला जायचा, ज्ञानदा सव्वाआठला, आणि त्यानंतर घर गीताला खायला उठायचं. तिने दुसऱ्याच महिन्यात बाइतो धरला, म्हणजे अर्धवेळची नोकरी. तोमोए-सान नावाच्या सत्तरीच्या बाई बेटावरच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचे डबे पुरवायच्या. अठरा डबे. गीता तिथे भाज्या चिरायची, भात भरायची, डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावायची. चिठ्ठ्या लावताना तिला एक गंमत कळली. अठरातल्या अकरा चिठ्ठ्यांवर आडनाव एकच, माएदा. निम्मं बेटच माएदा. म्हणून सरकारी खिडकी सोडली तर इथे कुणी कुणाला आडनावाने हाक मारायचंच नाही.

डबे पोचवायचं काम तोमोए-सानच्या नवऱ्याचं, त्यांच्या छोट्या पांढऱ्या व्हॅनमधून. त्या उन्हाळ्यात त्यांना ऐंशी पूर्ण झाली. एका दुपारी ते व्हॅन कुणाच्या तरी दगडी कुंपणाला घासून आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाशी काही न बोलता पोलीस स्टेशनात जाऊन लायसन परत देऊन आले. झालं. तोमोए-सानना गाडी येत नव्हती. ज्यांना येत होती ते दुपारी समुद्रात किंवा नोकरीवर. नगरपालिकेने निरोप दिला की सप्टेंबरअखेर ड्रायव्हर मिळाला तर ठीक, नाहीतर ऑक्टोबरपासून आठवड्यातून एकदा बोटीने गोठवलेले डबे येतील, ज्याने त्याने गरम करून घ्यावेत.

तोमोए-सान हे भांडी घासता घासता सांगत होत्या, पाठमोऱ्या. रडत नव्हत्या, पण एकच पातेलं तिसऱ्यांदा घासत होत्या. गीताच्या तोंडून निघून गेलं, "मी चालवते."

पातेलं थांबलं. स्वयंपाकघरात हाताखाली असलेल्या आणखी तिघीही वळून बघायला लागल्या. आणि खरं सांगायचं तर गीताला स्वतःलाच धडकी भरली, कारण स्टिअरिंगला हात लावून तिला अकरा वर्षं झाली होती.

पण कोणते हात ते ऐका. सांगलीला बसस्टँडच्या मागे 'पोंक्षे मोटर ड्रायव्हिंग स्कूल' अशी पाटी होती, आणि प्रल्हाद पोंक्षे म्हणजे तिचे वडील. फियाट गाडी, छपरावर लाल एल, डाव्या बाजूला मास्तरांसाठी दुसरा ब्रेक. पोरगी विसाव्या वर्षी लायसन काढून एकविसाव्या वर्षी त्या डाव्या सीटवर मास्तरीण होऊन बसली. सांगलीतल्या डॉक्टरीणबाई, वकिलीणबाई, दोन बँकवाल्या, सगळ्या तिच्या हाताखाली शिकल्या. गाव म्हणायचं, पोंक्षांची शैलजा बसली असली की गाडी रस्ता सोडत नाही.

हो, शैलजा. हीच ती दुसरी बाई.

लग्न होऊन ती पुण्याला आगाशांकडे आली तेव्हा त्या घरात एक शैलजा आधीच होती, दिगंबरची थोरली वहिनी. एका घरात दोन शैलजा नकोत असं सासूबाईंनी ठरवलं. दिगंबरने ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने 'गीता' असं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि शैलजा प्रल्हाद पोंक्षे होती ती गीता दिगंबर आगाशे झाली. पुण्यात घरी गाडी नव्हती, स्कूटर दिगंबर चालवायचा. लायसन कपाटात गेलं, शैलजाही गेली.

आता लायसन पुन्हा बाहेर निघालं आणि घरात वारं संचारलं. नियम काय काय आहेत याची यादी दिगंबरने ऑफिसात बसून काढली. आधी लायसनचं जपानी भाषांतर. मग लायसन मिळाल्यावर तुम्ही आपल्या देशात निदान तीन महिने राहिला होतात याचा पुरावा. मग दहा प्रश्नांची परीक्षा, मग गाडी चालवून दाखवायची. ही परीक्षा घ्यायला टोकियोहून साहेब बोटीने येणार, तीन महिन्यांतून एकदा. या वेळी वीस सप्टेंबरला, पुढची खेप एकदम डिसेंबरात. त्यांच्या यादीत नाव हवं असेल तर कागद पंधरा तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी चारच्या आत टोकियोला फॅक्सने गेले पाहिजेत. म्हणजे वीस तारीख चुकली की डबे गेले. व्हॅनचे नियम आणखी वेगळे. ती तोमोए-सानच्या नवऱ्याच्या नावावर होती, तिची तपासणी करून ती डब्यांच्या भटारखान्याच्या नावावर करून घ्यायची. या नाव बदलण्याला जपानीत मेइगी हेंको म्हणतात. तोमोए-सानने ते काम दोन दिवसांत उरकलंसुद्धा. गाडीचं काही अडलं नाही. अडलं ते बाईचं.

भाषांतर यायलाच उशीर झाला, आणि गीता खिडकीशी पोचली ती शुक्रवारी दुपारी एक वाजता. माएदा-सान पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी पासपोर्ट उजवीकडे ठेवला, लायसन डावीकडे, मध्ये फूटपट्टी. लायसनवरचा फोटो केव्हाच पुसट झालेला. दोन्हीकडे तीनतीनदा बघितलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आगाशे-सान, ही पोन्कुशे-सान कोण?"

"मीच," गीता म्हणाली.

माएदा-साननी श्वास आत ओढला. जपानी माणूस असा दातांतून श्वास ओढायला लागला की समजावं, काम बोंबललं. मग त्यांनी कागद घेतला आणि रकाने पाडले. आडनाव वेगळं आहे, ते ठीक, लग्नानंतर आमच्याकडेही बदलतं. मग मधलं नाव? गीताने सांगितलं की आधी वडिलांचं असतं, लग्नानंतर नवऱ्याचं. त्यांनी ते लिहून घेतलं. बरं, मग पहिलं? ते तर जन्मल्यावर ठेवतात ना? तेही बदललं, गीता म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला जाणवलं की हे काहीतरी भलतंच ऐकू येतंय. माएदा-साननी तिन्ही रकान्यांत तीन फुल्या मारल्या. एकही नाव जुळत नव्हतं. मराठी माणसाला यात वावगं काही वाटायचं नाही, पण त्या बिचाऱ्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत असं कोडं आलं नव्हतं.

गीताचं जपानी भाजीपाल्यापुरतं. तिने दिगंबरला फोन केला आणि तो टाय सांभाळत धापा टाकत आला. त्याने समजावलं, वाकून वाकून समजावलं. लग्नाची नोंदणी केली नव्हती, पासपोर्ट नुसत्या प्रतिज्ञापत्रावर निघाला होता, म्हणून दोन्ही नावं सांगणारा एकही कागद हाताशी नव्हता. मग त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तो धावत घरी गेला आणि लग्नाचा अल्बम घेऊन आला. ताट, तांदूळ, अंगठी आणि तांदळात उमटलेली दोन अक्षरं, असा फोटो त्याने खिडकीत ठेवला. सगळं स्टेशन गोळा झालं. फौजदारसाहेबसुद्धा चहाचा कप घेऊन आले. माएदा-साननी चष्मा काढून फोटो पाहिला, आदराने पाहिला, आणि म्हणाले की तांदूळ फार सुरेख आहे, पण याच्यावर शिक्का नाही.

अडीच वाजले होते. मग माएदा-साननी सहज, काही कुचकेपणा मनात नसताना विचारलं की मुळात नाव बदललं कशासाठी? दिगंबरने सांगितलं की घरात आधीच एक शैलजा होती, गोंधळ झाला असता.

माएदा-साननी छातीवरच्या नावाच्या पट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझं नाव माएदा काझुओ. या बेटावर आम्ही तीन माएदा काझुओ आहोत. पोस्टमन आम्हाला घरावरून ओळखतो. नाव कुणाचंच बदललं नाही."

दिगंबरने हे गीताला मराठीत सांगितलं नाही. पण तिला ते शब्द न् शब्द कळलं होतं. तिला एकदम राग आला, आणि कुणाचा ते तिचं तिलाच कळेना. अकरा वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. सासूबाईंनी नाही, दिगंबरने नाही, आणि मुख्य म्हणजे तिने स्वतःही नाही. पेढे खाल्ले आणि गीता झाली. तिला त्या क्षणी रडूही येत होतं आणि समोरची फूटपट्टी मोडून टाकावीशीही वाटत होती.

तेवढ्यात माएदा-सानच्या चेहऱ्यावर उजेड पडला. कळलं, ते म्हणाले, आत्ता कळलं. गाडी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेली, मालक बदलला, की नंबरप्लेटही बदलते, कागदावरचं नावही बदलतं. "म्हणजे हे मेइगी हेंको."

झालं, ठिणगी पडली. मी काय गाडी आहे, वडिलांच्या नावावरून नवऱ्याच्या नावावर करायला, असं गीता मराठीतच कडाडली. दिगंबर कावराबावरा झाला. माएदा-सानना शब्द कळले नाहीत पण सूर बरोब्बर कळला, आणि ते तीनदा मान तुकवून माफी मागू लागले. फौजदारसाहेब कप घेऊन हळूच मागे सरकले.

आणि इथेच, रागाच्या भरात, गीताच्या आतली मास्तरीण जागी झाली. पोंक्षांच्या स्कूलमध्ये नुसतं चालवायला नाही शिकवायचे, बॉनेट उघडून दाखवायचे, गाडीचे कागद वाचायला शिकवायचे. जुनी गाडी घेताना पहिलं काय बघायचं हे तिने शंभर जणांकडून घोकून घेतलं होतं. ती खिडकीवर वाकली आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली, "मालक बदलला, प्लेट बदलली, तरी गाडी तीच हे तुम्ही कशावरून ठरवता?"

माएदा-सान क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, चासी नंबरवरून. तो बदलत नाही, पत्र्यात ठोकलेला असतो.

गीताने उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटाच्या वर, आतल्या अंगाला, भाजल्याचा मोठा वेडावाकडा डाग होता. चौदाव्या वर्षी, वडील नको नको म्हणत असताना, तिने तापलेल्या फियाटच्या रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. उकळतं पाणी कारंज्यासारखं हातावर. आणि आपल्या सरकारी खात्यांना नावं ठेवणारे आपण सगळे, पण त्या दिवशी त्यांनीच लाज राखली. लायसनवर ओळखीच्या खुणेच्या ओळीत लिहिलं होतं, उजव्या हातावर मनगटाच्या वर भाजल्याचा डाग. नव्याण्णव सालच्या, हाताने लिहिलेल्या पासपोर्टातही तशीच एक ओळ होती आणि तिच्यात हाच डाग. दोन्हीकडे तोच हात, तीच जागा.

माएदा-साननी फूटपट्टी उचलली. परवानगी मागितली, दोनदा मागितली, आणि डागाची लांबी मोजली. मनगटापासूनचं अंतर मोजलं. फोटो काढला. मग पेन खाली ठेवून ते उभे राहिले आणि मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नंबर जुळतो."

स्टेशनातल्या चारही माणसांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या, पोलीस स्टेशनात. गीता हसत सुटली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणीही यायला लागलं.

फॅक्स गेला तीन वाजून पन्नास मिनिटांनी. टोकियोहून फोन आला, माएदा-सान अर्धा तास उभ्याने बोलत राहिले. समोर कुणी नसताना फोनलाच वाकून नमस्कार घालत होते. शेवटी ठरलं ते असं, की बाईंना परीक्षेला बसू द्यावं, पण दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा भारतीय वकिलातीचा दाखला आल्याशिवाय लायसन हातात मिळणार नाही. त्यासाठी टोकियोला जायला हवं. गीता काही बोलायच्या आत दिगंबर म्हणाला की तो जाईल. तांदळात नाव मी लिहिलं, आता हेही मीच निस्तरतो, एवढंच म्हणाला आणि बोटीच्या वेळा विचारायला लागला. घरी जाताना अल्बम तिने त्यालाच उचलायला लावला.

पुढचे तीन दिवस काय विचारता. सकाळी दहा प्रश्नांचं पाठांतर, संध्याकाळी शाळेच्या मैदानाशेजारच्या तोमोए-सानच्या वाडीत व्हॅन पुढे-मागे. खाजगी जागेत चालवायला हरकत नाही असं माएदा-साननी स्वतःहून येऊन सांगितलं होतं, आणि वर दोन कलिंगडं ठेवून गेले होते. गाडी तिच्या हातात आली ती जणू कालच सोडलेली. फक्त डावा पाय राहून राहून काहीतरी शोधायचा. मास्तरांचा दुसरा ब्रेक. दिगंबरने मात्र एकाच गोष्टीचा धोशा लावला होता. जपानात हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्न म्हणजे समोरच्याचा अपमान, आणि नियमातही बसत नाही. तुम्हा सांगलीकरांचा अंगठा सारखा हॉर्नवर असतो, तो आवर. मंगळवारी सकाळी बोटीत चढतानाही त्याने धक्क्यावरून ओरडून सांगितलं, हॉर्न नाही.

ज्ञानदाने त्या संध्याकाळी विचारलं, जपानीतच, की आई, तुझं आणखी एक नाव होतं ते मला का नाही सांगितलं? गीता म्हणाली की मलाच आठवत नव्हतं.

बुधवारी टोकियोचे साहेब उतरले. उंच, कोरडे, हातात पांढरे मोजे. दहा प्रश्न इंग्रजीत होते, गीताचे दहाच्या दहा बरोबर आले. गाडीची परीक्षा बंदरामागच्या मोकळ्या जागेत. तिथे चुन्याच्या रेषा, रबरी शंकू, अरुंद वळणं, आणि शेवटी टेकडीला वळसा घालून जाणारा एक तुकडा, जिथे खडकापलीकडचं काही दिसत नाही. उमेदवार पाच. पहिले चार बेटावरचेच, आणि एकामागून एक चौघंही माना खाली घालून परत आले. कुंपणाबाहेर तोमोए-सान, त्यांचे यजमान, माएदा-सान, आणि डबे खाणाऱ्या अठरातले सातआठजण काठ्या टेकत उभे. गीताला ते दिसले. आपण नापास झालो तर ही माणसं आजपासून दहा दिवसांनी बर्फाचा भात खाणार, हे तिच्या डोक्यात घणासारखं वाजायला लागलं.

ती बसली. आरसे नीट केले, पट्टा लावला, मागे वळून बघितलं. साहेब डावीकडे बसले, मांडीवर तक्ता, हातात पेन्सिल. आणि गीताची भीती पळाली. ती सीट तिची होती. तिथे बसलेल्या माणसाला काय ऐकू येतं, काय खटकतं, क्लच कधी सोडला तर तो मनात शिवी देतो, हे तिच्याइतकं त्या बेटावर कुणाला ठाऊक होतं? तिने गाडी अशी काढली की साहेबांची पेन्सिल हललीसुद्धा नाही. शंकूंमधून गेली, अरुंद वळण एका दमात घेतलं, थांबायच्या रेषेच्या एक वीत आधी चाकं थांबली.

मग ती टेकडी. कडेला निळी गोल पाटी, तिच्यात पांढरी वाकडी रेघ. गीताला पाटी दिसली, अर्थ आठवला, आणि अंगठा निघाला. तेवढ्यात कानात दिगंबर ओरडला, हॉर्न नाही. अंगठा हवेतच राहिला. पाटी सांगतेय वाजव, नवरा सांगतोय वाजवू नकोस, खडक चार हातांवर आलाय. आणि तिला वडिलांचा आवाज आला, शिकाऊ पोरांवर खेकसणारा: दिसतं तिथे गप्प बसायचं, दिसत नाही तिथे आवाज द्यायचा.

तिने हॉर्न दाबला. चांगला दणदणीत, सांगलीच्या मापाचा. खडकावरचे पक्षी उडाले.

वळण संपलं. गाडी उभी राहिली. साहेबांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि समोर बघत म्हणाले, "आज सकाळपासून ही पाटी वाचणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग दार उघडून उतरताना, जणू राहून गेलं म्हणून, त्यांनी सांगितलं की पास.

पुढचा अर्धा तास गीताला नीट आठवत नाही. तोमोए-साननी तिचे दोन्ही हात धरले होते आणि सोडतच नव्हत्या. त्यांचे यजमान, दोन महिन्यांत कुणाशी धड न बोललेला माणूस, सगळ्यांना सांगत सुटले होते की व्हॅनचा दुसरा गियर जरा अडतो, पण हिला सांगायची गरज नाही. माएदा-सान तोंड वळवून नाक शिंकरत होते. गुरुवारी दुपारच्या बोटीने दिगंबर आला, आणि दाखल्याचं पाकीट शर्टाच्या आत छातीशी धरून आला, समुद्राचं पाणी लागू नये म्हणून. हॉर्नची हकिकत ऐकून त्याने कपाळाला हात लावला आणि मग स्वतःच खदखदून हसला.

लायसन आलं अठ्ठावीस तारखेला. दोन तारखेला, ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी, गीताने अठरा डबे अठरा दारांत गरम गरम पोचवले. भटारखान्यात परतून तिने एप्रन काढायच्या आधी सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळ होती, प्रल्हादराव पेपर वाचत बसले होते. तिने सगळं सांगितलं, तांदळापासून हॉर्नपर्यंत. ते शिकवताना बोलायचे तेवढंच, एरवी त्यांना फोनवर बोलणं जमायचं नाही. लग्न लागलं त्या दिवसापासून ते तिला गीता म्हणत आले होते. एकदासुद्धा चुकले नव्हते, नियम म्हणजे नियम.

शेवटी त्यांनी विचारलं, "लायसन कुठल्या नावाने दिलं?"

"गीताच्या," ती म्हणाली. "पण बाबा, गाडी शैलजाने चालवली."

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"मग क्लच जळाला नसणार," ते म्हणाले. "शैलू, उद्या निघायच्या आधी हवा बघून घे."